माझ्या तोटीला लाल रंग लागला

मित्रांनो, मी एक जुनी हापशी आहे. जुनी म्हणजे किती, ते मात्र विचारू नका. माझ्या दांड्याला लोंबकळून झोके घेणाऱ्या पोरींच्या घरात आता सुना आल्या आहेत, एवढ्यावरून ओळखा. अमडापूरहून आत वळणाऱ्या रस्त्यावर आमचं लहानसं गाव आहे. गाव संपतं आणि वावरं सुरू होतात, त्या सांध्यावर एका कडुनिंबाखाली मी उभी आहे. माझ्या एका अंगाला भीमनगरातली घरं, दुसऱ्या अंगाला उकंडरावांचं शेत. उभं राहून राहून मी थकले आहे. मला बसता येत असतं तर केव्हाच बसले असते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून बहिणींबरोबर ट्रकमध्ये दाटीवाटीनं बसून निघाले. वाटेत एकेका गावाला एकेक बहीण उतरत गेली, आणि माझी पाळी आली तेव्हा ट्रक जवळजवळ रिकामा झाला होता. माझ्या आधी बोअरची गाडी येऊन गेली होती. तिनं जमिनीला भोक पाडलं तेव्हा वर हातभर काळी माती निघाली, तिच्याखाली पिवळट मुरूम, आणि मग काळा पाषाण. खूप वेळ नुसती धूळ उडत राहिली. जमलेली माणसं घराकडे वळायला लागली, आणि तेवढ्यात पांढऱ्या चिखलाचा फवारा वर आला. त्या भोकावर मला बसवलं, सिमेंटचा ओटा बांधला, नारळ फोडला.

त्याआधी गावात एकच विहीर होती, आणि तिच्यावर कुणी कुठल्या बाजूनं पोहरा सोडायचा ते ठरलेलं होतं. मला मात्र बाजूच नव्हत्या. एकच दांडा, एकच तोटी. पहिले काही दिवस बायका थोड्या अवघडल्या. मग उन्हाळा आला, घसे कोरडे पडले, आणि माझ्या दांड्यावर कुणाचा हात कुणाच्या हातानंतर पडतो याचा हिशेब ठेवायला कुणाला वेळ राहिला नाही. चांगुणा त्याच वर्षी लग्न होऊन भीमनगरात आली होती. अंगानं काडी, पण हापसायला लागली की घागर भरेपर्यंत थांबायची नाही. माझ्या पाण्याची पहिली ओंजळ पिऊन ती सोबतिणीला म्हणाली होती, "गूळ टाकला का काय यात?" तेव्हापासून मी गोड पाण्याची हापशी झाले. लग्नकार्याच्या स्वयंपाकाला पाणी माझंच, बाळंतिणीला पाणी माझंच, आजारी माणसाच्या घशात चमच्यानं सोडायचं पाणीही माझंच.

ती वर्षं कष्टाची होती, पण त्या थकव्यात एक सुख होतं. पहाटेपासून घागरींची रांग लागायची. नंबरावरून भांडणं व्हायची, आणि ज्यांची भांडणं व्हायची त्याच बायका दुपारी माझ्या ओट्यावर एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत बसायच्या. माझं वायसर झिजलं की पंचायतीचा दयाराम मिस्त्री सायकलवरून पान्हे घेऊन यायचा, माझ्या पोटातल्या सळया एकेक करून वर काढायचा आणि कोरडा पडलेला घसा ओला करून जायचा. त्या काळात मला कधी एकटं वाटलं नाही.

मग गावात नळ आले. चांगली गोष्ट झाली, मी काही त्यांचा द्वेष केला नाही. पण नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा यायचं, म्हणून माझ्याकडचं येणंजाणं अगदीच बंद पडलं नाही. फक्त माझ्याकडे पाहणं बंद झालं. ओट्याला चीर गेली. चिरेतून गवत आलं. सांडपाण्याची नाली बुजली आणि पाणी माझ्या पायाशीच साचायला लागलं. दयाराम मिस्त्री म्हातारा होऊन घरी बसला. मी कुरकुरत पाणी देत राहिले. कुरकुर फक्त दांड्याची होती, पाण्याची नव्हती.

आता उकंडरावांविषयी सांगते, कारण त्यांच्यावाचून ही गोष्ट पुढे जाणार नाही. आमच्या भागात एक जुनी रीत होती. ज्या बाईची लेकरं जगत नसत, तिला मूल झालं की त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. मृत्यूला वाटावं, हे तर टाकून दिलेलं पोर, याला कशाला न्यायचं. मग ते पोर उचलून आणायचं आणि नाव ठेवायचं उकंडा. उकंडरावांच्या आधी त्यांच्या आईची तीन लेकरं गेली होती. हे मात्र जगले, आणि चांगले नातवंडांचे धनी झाले.

उकंडराव सरळ माणूस. वर्षानुवर्षं पोत्यातलं रासायनिक खत टाकून त्यांचं वावर दगडासारखं झालं होतं. नांगराचा फाळ वाकायचा, पण ढेकूळ फुटायचं नाही. एकदा ते कुठल्याशा शेतकरी मेळाव्याला जाऊन आले आणि त्यांनी ठरवलं, आता फक्त सेंद्रिय. पोत्याला हात लावायचा नाही. त्यांनी गावभरचं शेण गोळा करायला सुरुवात केली. ढीग कुठे घालायचा, तर माझ्या शेजारी, त्यांच्या बांधाच्या अलीकडे. कारण माझं सांडपाणी तिथे साचतच होतं. ढीग ओला राहील, लवकर कुजेल, पाणीही वाया जाणार नाही. सगळ्यांनाच हे शहाणपणाचं वाटलं. मलाही वाटलं. खरं सांगते, मला सोबत मिळाल्याचा आनंद झाला होता.

त्यांची बायको रुखमाबाई माझ्यावर हातपाय धुवायला आली की ढिगाकडे पाहून बोलायची, "माह्या घरच्यानं मले दागिना नाही केला कधी, पण हे पाहा, केवढी इस्टेट करून ठेवली." बायका हसायच्या. उकंडराव बांधावरून ऐकायचे आणि तेही हसायचे.

आणि मित्रांनो, शेत सुधारलं. गांडुळं परत आली, माती हातात घेतली की भुसभुशीत सुटायला लागली. लोक बघायला यायचे. तिथेच उकंडरावांचा विचार थोडा घसरला. थोड्या खतानं एवढं होतं तर जास्त खतानं किती होईल, असं त्यांना वाटलं. मग पोल्ट्रीच्या शेडवरून कोंबडीखताच्या ट्रॉल्या यायला लागल्या. ढीग वाढत वाढत कडुनिंबाच्या खालच्या फांदीला टेकला. उन्हाळ्यात वावर रिकामं असतानाच सगळं खत एकदम पसरून द्यायचं, आणि उरलेलं उघड्यावर, माझ्या पायाशी. शेजारच्या शेतकऱ्यांनीही तेच केलं. कुणी अडवलं तर उकंडराव म्हणायचे, हे काही औषध नाही मोजून द्यायला.

आता तुम्हाला डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट सांगते. खतात नत्र असतं. नत्र म्हणजे पिकाचं जेवण. शेण काय, कोंबडीखत काय, ते कुजलं की त्यातलं नत्र पाण्यात साखरेसारखं विरघळणारं होतं. त्याला नायट्रेट म्हणतात. पिकाची मुळं ते पाण्याबरोबर पितात. पण समजा, ताटात चार भाकरी वाढल्या आणि जेवणारं लेकरू दीड वर्षाचं असलं, तर? ते घास दोन घास खाईल आणि उठेल. शेतात उरलेलं जेवण उचलून ठेवायला कुणी नसतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाचं पाणी त्या भेगांतून ते उरलेलं घेऊन खाली उतरतं, मुरमातून झिरपतं, पाषाणाच्या चिरांत शिरतं. तिथे माझं पाणी असतं. माझ्या पायाशी तर ओट्याची चीर होती, बुजलेली नाली होती आणि वर पावसात भिजणारा ढीग. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी तसंच नितळ, तसंच गोड. पिणाऱ्याला कळत नव्हतं आणि वर ओढणाऱ्या मलाही कळत नव्हतं. पोत्यातल्या खतानंही हेच होतं, बरं का. पण पोत्याला लोक निदान भीत होते. शेणाला कोण भिणार?

दोन-तीन पावसाळे असेच गेले. मोठ्या माणसांना काही झालं नाही.

चांगुणा आता आजी झाली होती. तिचा मुलगा प्रसेनजित चिखलीच्या एका दुकानात कामाला जायचा. त्याची बायको सारिका. दसऱ्याच्या सुमाराला तिला मुलगी झाली, नाव ठेवलं मंजुश्री. एवढीशी मंजू, मूठ वळली तर बोराएवढी. बाळंतपणानंतर सारिकाला टायफॉईड झाला. ती उठली, पण दूध आटलं. डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं आणि बजावलं, पाणी चांगलं उकळून घ्या.

चांगुणानं ते मनावर घेतलं. नळाचं शिळं पाणी नातीला द्यायचं नाही, तर हापशीचं ताजं. सकाळी ती यायची, पहिल्या दोन घागरी सांडून द्यायची, मग भरलेलं पाणी लुगड्याच्या चौपदरी पदरातून गाळून न्यायची. आमच्याकडे बाळंतिणीला निम्मं आटवलेलं पाणी देतात. ते हलकं असतं म्हणतात. बाळंतिणीला निम्मं, तर एवढ्याशा जिवाला त्याहून हलकं हवं, म्हणून ती चुलीवर पातेलं ठेवून पाणी पार तळाशी जाईपर्यंत आटवायची. जंतू मेले, ते खरं. पण आटल्यानं नायट्रेट उडून जात नाही, मित्रांनो. पाण्याची वाफ होते आणि ते मागे राहतं. वरण आटलं की खारट होतं ना, तसं. म्हातारी जितकी माया लावत होती तितकं ते पाणी वाईट होत होतं.

थंडी पडली. सारिका धुणं घेऊन माझ्याकडे यायची आणि चांगुणा मंजूला मांडीवर घेऊन निंबाखाली उन्हात बसायची. मंजू आधी हातपाय हलवायची, आजीच्या कानातली फुलं बघून हसायची. हळूहळू ती नुसती पडून राहायला लागली. एके सकाळी सारिकानं हात पुसले, लेकीकडे वाकून पाहिलं आणि तशीच थांबली.

"आत्याबाई, हिचे होठ पाहा बरं. जांभूळ खाल्ल्यावानी दिसून राह्यले."

चांगुणा म्हणाली, थंडी आहे माय, आणि तिनं शाल घट्ट केली. सारिकानं मंजूची मूठ उघडली. नखंही तशीच होती, निळसर. ऊन तर चांगलं अंगावर आलं होतं. सारिका उठली, ओलं धुणं ओट्यावर तसंच टाकलं आणि प्रसेनजितला फोन लावला. त्यानं मालकाची मोटारसायकल मागून आणली आणि तिघं बुलडाण्याच्या दवाखान्याकडे गेले. चांगुणाही गाडीवर बसायला निघाली होती, जागा नव्हती.

ते धुणं माझ्यासमोर पडून राहिलं. त्यात मंजूची दुपटी होती. संध्याकाळी चांगुणा आली, तिनं ती दुपटी धुतली, पिळली, निंबाच्या फांदीवर टाकली. मग माझा दांडा धरून नुसती उभी राहिली. हापसली नाही. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की म्हातारीचा हात दांड्यावर आहे आणि तिला पाणी नको आहे.

मंजू वाचली. पुढे प्रसेनजितनं माझ्या ओट्याजवळ उभं राहून लोकांना सगळं सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. डॉक्टरांनी मंजूचं रक्त काढलं तर ते लाल नव्हतं, चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं. नायट्रेट पोटात गेलं की तान्ह्या लेकराच्या रक्ताला श्वासातली हवा अंगभर नेता येत नाही. छाती हलत असते आणि आत जीव गुदमरत असतो. मोठ्या माणसाचं शरीर ते पेलतं, तान्ह्याचं नाही. ऑक्सिजन लावला, निळं औषध शिरेतून दिलं, आणि हळूहळू ओठांवर गुलाबी रंग आला. मग डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पाजता? प्रसेनजित अभिमानानं म्हणाला, आमच्या हापशीचं, गोड पाणी आहे.

आशाताई म्हणून काम करणाऱ्या बेबीताई पाणी तपासायची पेटी घेऊन आल्या. काचेच्या नळीत माझं पाणी घेतलं, त्यात पुडीतली भुकटी टाकली, नळी हलवली. सगळे भोवती उभे. आधी पाणी तसंच होतं. मग ते गुलाबी झालं, मग गडद गुलाबी. बेबीताईंनी पेटीतल्या पट्टीशी रंग लावून पाहिला आणि सांगितलं, हे पाणी प्यायचं नाही. उकळून तर मुळीच नाही. नायट्रेट कुठून आलं ते विचारल्यावर त्यांनी ढिगाकडे पाहिलं.

उकंडराव तिथेच होते. त्यांचा चेहरा उतरला, मग तापला.

"मी काही इख नाही टाकलं इथं. शेण टाकलं, शेण. माह्या मायनं मले जल्मल्याबरोबर उकंड्यावर ठेवलं होतं, म्हणून मी जगलो. अन् तोच उकंडा लेकराचा जीव घेईन काय?"

बेबीताईंनी पेटी मिटली. म्हाताऱ्या माणसाच्या आईचं नाव निघालं होतं. सारिका मंजूला खांद्यावर घेऊन मागे उभी होती. ती भांडायला आली नव्हती. तिच्यात भांडायची ताकदही नव्हती. ती हळूच म्हणाली,

"काका, तुमच्या मायनं तुम्हाले उकंड्यावर ठेवलं. त्याचं पाणी नाही पाजलं."

उकंडरावांनी मंजूकडे पाहिलं. मग डोक्यावरचा रुमाल काढून झटकला, काहीच झटकायचं नसताना, आणि निघून गेले. मागून रुखमाबाई सारिकाजवळ आली, मंजूच्या तळव्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, रातभर झोपणार नाही आता हा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. उकंडराव स्वतः फावडं घेऊन ढीग भरायला लागले. वावराच्या दुसऱ्या टोकाला, उंचवट्यावर, पाण्यापासून दूर, त्यांनी खाली फरशी घातलेली टाकी बांधली आणि वर पत्रे टाकले. ते शेणखत अजूनही टाकतात, टाकायलाच हवं. पण माती तपासून, पीक उभं असताना, थोडं थोडं. ताट बघून वाढावं तसं. कुणी थट्टा केली, काऊन हो, आता मोजून द्यायला लागले काय, तर ते हसत नाहीत. फक्त मान हलवतात.

बेबीताईंनी माझ्या तोटीला लाल रंग लावला. लाल म्हणजे पिऊ नका. धुण्याभांड्याला चालेल. ज्या तोटीला गावानं ओंजळ लावली तिच्यावर ब्रश फिरत होता, आणि मी उभी होते. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

चांगुणानं मात्र मंजूला घेणं सोडून दिलं. ती पिण्याच्या पाण्याचे विकतचे जार आणायची, भांडी घासायची, दुपटी धुवायची, पण लेकराला हात लावायची नाही. निंबाखाली बसली तरी अंतर ठेवून. एका दुपारी सारिका धुणं घेऊन आली आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. चांगुणानं हात मागे घेतले.

"माह्या हातानं पाजलं मी तिले. मले नको देऊ."

"तुमच्या हातानं पाजलं म्हणूनच ती तुम्हाले पाहून हासते," सारिका म्हणाली. "धरा. मले धुणं धुवाचं हाये."

आणि तिनं लेक म्हातारीच्या मांडीत ठेवली, जारच्या पाण्यातल्या दुधाची बाटली तिच्या हातात दिली आणि माझा दांडा धरला. हापसताना तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते. चांगुणा आधी बाटलीकडे बघत राहिली, मग बाटली उलटी करून एक थेंब मनगटावर टाकला, चाटून पाहिला, आणि मग मंजूच्या ओठांना लावली.

मित्रांनो, मी काही शिकलेली नाही. पण एवढं उभं राहून कळलं ते सांगते. जमिनीवर जे टाकाल ते जमिनीवरच राहत नाही. चांगलं असलं तरी नाही, पवित्र असलं तरी नाही. पिकाला लागेल तेवढं द्या, उरलेलं खाली कुणाच्या तरी पेल्यात उतरतं. हापशीजवळ, विहिरीजवळ ढीग घालू नका. ओट्याला चीर गेली तर बुजवा, सांडपाण्याला वाट द्या. आणि पाणी गोड लागतं म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, वर्षातून एकदोनदा नळीत घालून बघा. खाली गेलेलं लवकर परत येत नाही. बेबीताई दर मोसमाला माझं पाणी तपासतात. रंग फिका होतो आहे, पण अगदी सावकाश. म्हणतात, काही वर्षं लागतील. मी थांबेन. मला दुसरं कामच काय आहे?

मंजू आता चालायला लागली आहे. परवा आईचा डोळा चुकवून ती दुडूदुडू माझ्याकडे आली. लाल रंग तिला फार आवडला असावा. तिनं दोन्ही हातांनी तोटी धरली आणि खाली तोंड उघडून उभी राहिली, वर बघत, वाट पाहत. सकाळी कुणीतरी हापसून गेलं होतं, आणि तोटीच्या कडेला एक थेंब लोंबत होता. गावाला पाणी पाजण्यात माझा जन्म गेला. त्या क्षणी मात्र मी सगळं लोखंड एकवटून एकच गोष्ट मागत होते, की हा थेंब पडू नये. आजी धावत आली. तिनं मंजूला उचलून कडेवर घेतलं, आणि मग तो थेंब खाली ओट्यावर पडला.